सरस्वतीबाई तांडेलांची लोखंडी सोंड

सरस्वतीबाई तांडेल कुणावर चटकन विश्वास ठेवत नसत. बाजारातून तोलून आणलेली कोलंबी घरी येऊन पुन्हा तोलायची, दाराला कुलूप लावून ओढून बघायचं, चार पावलं गेल्यावर मागे येऊन आणखी एकदा ओढायचं, असा त्यांचा खाक्या. करावे गावात बायका पाठीमागे म्हणत, ही सरस्वती स्वतःच्या सावलीलाही नाव-गाव विचारील.

पण हा स्वभाव काही जन्माचा नव्हता. नवरा गेला तेव्हा दिवसकार्याला आलेल्या एका दूरच्या दिराने तुर्भ्याच्या गाळ्यातलं वेल्डिंगचं मशीन ‘जरा वापरायला’ म्हणून नेलं, ते परत आलंच नाही. सांत्वनाला आलेल्या आणखी दोघांनी चहा पिता पिता गाळा विकणार का, असं विचारलं. त्या दिवसापासून बाईंनी माणसांच्या तोंडाऐवजी त्यांच्या हातांकडे बघायला सुरुवात केली.

नवरा पंढरी तांडेल हुशार गडी. लहानपणी बापाबरोबर खाडीत जाळी टाकलेली, पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत फिटर झाला आणि मग तुर्भ्याच्या एमआयडीसीत स्वतःचा गाळा टाकला. तिथे तो ट्रकमध्ये माल भरायच्या शूट बनवायचा. सिमेंट, चुना, वीजकेंद्रातली राख असला बारीक माल उंच टाकीतून उघडा सोडला तर निम्मा वाऱ्यावर जातो आणि उरलेला कामगारांच्या छातीत. त्यावर उपाय म्हणून टाकीच्या बुडाला एक लांबणारी-आखडणारी नळी टांगतात. पत्र्याच्या बिनबुडाच्या बादल्या एकात एक बसवाव्यात तशी तिची रचना. सगळ्यात खालच्या बादलीला तीन बाजूंनी तारेचे तीन दोर बांधलेले, ते वर एका ड्रमवर गुंडाळलेले आणि ड्रम फिरवायला मोटर. ट्रक खाली लागला की दोर सोडायचे, नळी उलगडत खाली येते. मालाचा ढीग वाढत गेला की दोर गुंडाळत तोंड वर घ्यायचं. ट्रक ठेंगणा असो की उंच फळ्यांचा, तोंड मालाच्या जवळ राहिलं की धूळ उडत नाही. पंढरी या नळीला सोंड म्हणायचा. त्याचं ऐकून गाळ्यातले सगळे आणि पुढे गिऱ्हाईकंही सोंडच म्हणू लागली.

पंढरी एका सकाळी कामावरच छाती धरून बसला तो उठला नाही. बाई गाळा विकून मोकळ्या होतील असं सगळ्या गावाला वाटलं होतं. त्या मात्र वर्षश्राद्धाची वाट न बघता नवऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसल्या. इतकी वर्षं डबा घेऊन येता-जाता त्यांनी सोंड डोळ्यांनी पुरती वाचली होती. हिशेब, गिऱ्हाईक, माल आणणं हे त्यांनी स्वतःकडे घेतलं. बसवायचं आणि दुरुस्तीचं काम पुतण्याकडे, म्हणजे मोठ्या दिराच्या रूपेशकडे दिलं. घरातला एवढा एकच माणूस असा, की ज्याच्या हाती त्या गाळ्याची किल्ली ठेवत.

राहिला प्रश्न डिझाइनचा. जुना माणूस गावी निघून गेल्यावर त्यांनी अभय साळवे नावाच्या मुलाला ठेवलं. वय तिशीच्या आतबाहेर, डिप्लोमा झालेला, बोलायला कमी. वडील फार पूर्वी जालन्याकडून आलेले, आता आई आणि तो तळवलीत राहत. पहिल्याच दिवशी बाईंनी त्याला गाळा फिरवून दाखवला आणि शेवटी वर टांगलेल्या ड्रमकडे बोट केलं.

“बाकी काय करायचं ते करा. या ड्रमला हात लावायचा नाय. हा ह्यांनी बसवलाय.”

अभयने मान डोलावली. ती मान डोलावणंही बाईंना जरा जास्तच झटपट वाटलं.

काही महिने ठीक गेले. मुलगा कामाला चोख होता. त्याने सोंडेच्या बाहेरच्या कापडी पिशवीची शिवण बदलली, धूळ ओढायच्या पंख्याची जागा बदलली, गिऱ्हाईकांनी कौतुक केलं. बाई कौतुक ऐकायच्या आणि मनात म्हणायच्या, एवढा चांगला माणूस आपल्याकडे का टिकलाय?

मग एकेक गोष्ट खटकू लागली. बाई केबिनमध्ये शिरल्या की अभयच्या स्क्रीनवरचं चित्र बदलायचं. आधी काहीतरी गोल, खाचाखाचांचं दिसायचं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तिथे साधी सोंड यायची. एकदा बाईंनी मुद्दाम चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी आत गेल्या. तरी त्याला चाहूल लागलीच. त्याने चित्र मिटलं, पाणी प्यायला आणि पंख्याच्या पत्र्याची ऑर्डर आली का, असं विचारलं. पत्रा आलेला होता आणि त्याने स्वतःच तो मोजून घेतला होता.

त्यानंतर रूपेशने भर घातली. मागच्या अंगणातल्या भंगारात एक जुना ड्रम पडून होता, तो दिसेनासा झाला. रूपेश म्हणाला, काकी, मी उगाच कुणाचं नाव घेत नाही, पण त्या दिवशी गाळा बंद करताना साळवे टेम्पोवाल्याशी बोलत होता. बाईंनी त्याला गप्प राहायला सांगितलं. स्वतः मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत.

रबाळ्याला विश्वजित नावाचा एकजण सोंडा बनवत होता. पंढरीच्या वेळी तो किरकोळ कामं करायचा, आता त्याचा गाळा मोठा झाला होता आणि पंढरीची दोन जुनी गिऱ्हाईकं त्याच्याकडे गेली होती. बाईंच्या डोक्यात गणित जुळलं. नवऱ्याने जन्मभर डोकं लावून जो ड्रम बसवला, जो सगळी सोंड पेलतो, तो हा मुलगा मापासकट विश्वजितच्या घशात घालतोय. खाचांचं चित्र म्हणजे त्याचीच नक्कल, थोडा रंग बदलून.

यात गुरुवारच्या अर्ध्या रजा सुरू झाल्या. अभय सांगायचा, आईच्या डोळ्यांचं दाखवायचं आहे, वाशीच्या डॉक्टरांकडे. आईचं नाव आल्यावर नाही कसं म्हणायचं? बाई हो म्हणायच्या. पण एका गुरुवारी तो निघून गेल्यावर त्यांनी शेजारच्या दुकानातून राजगिऱ्याचे लाडू घेतले, रिक्षा केली आणि थेट तळवली गाठली.

अभयची आई, जाईबाई, दारातच तांदूळ निवडत बसली होती. पोराच्या मालकीणबाई घरी आल्या म्हणून ती गडबडून गेली. तिने खुर्ची पुसली, सरबत केलं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बाईंना मानाने बसवलं. बाईंनी सरबताचा घोट घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, डोळे कसे आहेत आता?

जाईबाई हसली. “डोळ्याचं कधीच झालं की ओ. मागल्या दिवाळीच्या आधी. आता तर सुईत दोरा ओवते मी. अभय म्हनला व्हता का तुमाला?”

तिच्या पुढ्यातल्या ताटात तांदळाचे दाणे आणि खडे वेगवेगळे केलेले होते. खडे तर बाईंनाही चष्म्याशिवाय दिसले नसते. त्या म्हणाल्या, हो, तोच म्हणाला होता, फार काळजी करतो तुमची. लाडू ठेवून त्या उठल्या. परत येताना रिक्षात त्यांना राग आला होताच, पण त्याहून जास्त एक प्रकारचं समाधान वाटत होतं. आपल्याला वाटलं ते खरं निघालं, याचं समाधान. जाईबाईचं ते हसणं मात्र मधूनमधून आठवत राहिलं आणि त्या आठवणीने त्यांना उगाचच चोरट्यासारखं झालं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी रूपेशला गाडी काढायला सांगितली. अभयची मोटरसायकल पुढे, मागे बरंच अंतर ठेवून यांची गाडी. रबाळ्याकडे वळेल म्हणून बाई डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. तो वळला उलटा, तळोज्याकडे.

“तिकडं विश्वजितचं काय हाय?” बाईंनी विचारलं.

रूपेश म्हणाला, माहीत नाही. त्याचा आवाज जरा कोरडा झाला होता, पण बाईंचं लक्ष मोटरसायकलवर होतं.

अभय थांबला तो गाळ्याचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या अरविंदभाईंच्या डेपोसमोर. राखेचा मोठा डेपो. आणि तिथे टाकीखाली लटकत होती ती सरस्वतीबाईंच्याच गाळ्यातून गेलेली सोंड. अभय आत गेला नाही. रस्त्याच्या अलीकडे चहाची टपरी होती, तिथे बाकावर बसला, मोबाइल काढला आणि सोंडेचं चित्रण करू लागला.

बाईंनी गाडी कडेला एका उभ्या ट्रकच्या आड लावायला सांगितली. आता याला भेटायला विश्वजित येणार, नाहीतर त्याचा माणूस येणार, आणि तो आला की आपण खाली उतरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून त्या वाट बघत राहिल्या. कुणी आलं नाही. मग नाइलाजाने त्याही अभय जिकडे बघत होता तिकडे बघू लागल्या.

उंच फळ्यांचा ट्रक लागला होता. सोंड खाली आली. तिचं तोंड फळीच्या कडेला जरा टेकलं आणि सुटलं. राख पडू लागली. ढीग वाढला तशी मोटर चालू झाली, तोंड वर निघालं. पण ते सरळ वर येईना. एक बाजू भराभर चढली, दुसऱ्या दोन मागे राहिल्या, आणि तोंड कुणीतरी टोपी तिरकी घालावी तसं कललं. ट्रकमध्ये फावड्याने राख सारखी करणारा एक माणूस उभा होता. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. फक्त दोन पावलं मागे सरकला. तेवढ्यात वर काहीतरी खट् झालं आणि सोंडेची चढलेली बाजू झटक्यासरशी खाली आली, नेमकी तो मघाशी उभा होता तिथे. तोंडाचं लोखंडी कडं लोंबकळत हललं. माणूस पुन्हा पुढे आला आणि राख ओढू लागला.

सोंड हलली याच्यापेक्षा तो माणूस वर न बघता मागे सरकला, हे बाईंना भयंकर वाटलं. म्हणजे हे रोजचं होतं. त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

त्यांनी रूपेशकडे पाहिलं. रूपेश स्टिअरिंगकडे बघत होता.

त्या गाडीतून उतरल्या आणि टपरीवर जाऊन अभयच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. तो दचकून उठला. मोबाइल लपवायला गेला आणि मग लपवून काय उपयोग, असं वाटून तसाच हातात धरून राहिला.

“आईच्या डोळ्यांचा डॉक्टर हितं बसतो काय?”

अभय खोटं बोलल्याबद्दल माफी मागून म्हणाला, “मॅडम, ड्रमचं तुमच्याशी बोलायचं होतं. पण तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्याला हात लावायचा नाही. नुसतं तोंडाने सांगितलं असतं तर तुम्ही मला काढलंच असतं. म्हणून पक्कं करायला यायचो.”

मग त्याने सगळं सांगितलं. ड्रम सपाट आहे. दोर सैल झाला की पुढचा वेढा शेजारी न बसता आधीच्या वेढ्याच्या डोक्यावर बसतो. डोक्यावर बसलेला दोर एका फेऱ्यात जास्त गुंडाळला जातो, म्हणून ती बाजू जास्त चढते. मग कधीतरी तो वेढा घसरून खाली पडतो आणि सोंडेला हिसका बसतो. एखाद्या दिवशी त्या हिसक्याने दोराची पकड सुटेल आणि खालचं कडं माणसावर येईल. ड्रमला दोरासाठी खाचा पाडायच्या आणि दोर सैल पडला की मोटर आपोआप बंद व्हावी अशी कळ बसवायची, एवढाच उपाय. भंगारातला ड्रम त्यानेच नेला होता, मित्राच्या लेथवर खाचा पाडून बघायला. तो परत आणून द्यायचाच होता.

सगळं ऐकायला सरळ होतं आणि म्हणूनच बाईंना पटेना. इतकं सरळ उत्तर आधीपासून तयार ठेवल्याशिवाय येत नाही, असं त्यांचा अनुभव सांगत होता. कशावरून यानेच डेपोवाल्या कुणाला हाताशी धरून दोर ढिला केला नसेल? पंढरीचा ड्रम वाईट ठरला की पंढरीचं नाव गेलं, नाव गेलं की गिऱ्हाईक विश्वजितकडे.

त्या म्हणाल्या, “तुमी म्हनता म्हनून मी मानायची नाय. आपल्या गाळ्यात सोंड टांगू. ड्रम मी निवडीन. माझ्या डोळ्यांसमोर चालवा.”

दुसऱ्या दिवशी गाळ्यातलं बाकीचं काम बंद ठेवून एक कोरी सोंड छताच्या तुळईला टांगली. बाईंनी ड्रम स्वतः निवडला, दोर स्वतः ओढून बघितले, आणि खुर्ची टाकून समोर बसल्या. अभय बटणाशी, रूपेश भिंतीला टेकून. सोंड खाली आली, वर गेली. खाली, वर. सकाळभर तेच. तोंड पाण्यावर ठेवल्यासारखं सरळ. कुठे कलणं नाही, हिसका नाही.

जेवणाची वेळ झाली तसा बाईंच्या चेहऱ्यावर रंग चढला. नवऱ्याचा हात डोळ्यांसमोर खरा ठरत होता. अभय घामाघूम झाला होता. दोर कुठे सैल पडतो ते त्याला इथे दाखवता येईना. खाली ट्रक नव्हता, ढीग नव्हता. तो म्हणाला, साइटवर वेगळं असतं. बाई म्हणाल्या, हो, साइटवर तुम्ही असता.

अभयने मोटर बंद केली आणि हात पुसू लागला. त्याचा चेहरा बघून बाईंना कळलं की हा आता निघणार आणि परत येणार नाही. नाही आला तर नाही, असंच त्यांना वाटत होतं.

तेव्हा रूपेश भिंतीपासून हलला. कोपऱ्यात लाकडाचा एक जाड ठोकळा पडला होता, तो त्याने उचलला आणि सोंडेच्या तोंडाखाली एका बाजूला सरकवला.

“काकी, आता सोड म्हन त्याला,” तो म्हणाला. “साइटवर असंच टेकतं. एका अंगाला.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. अभयने मोटर चालू केली. तोंड ठोकळ्यावर टेकलं, त्या बाजूचा दोर लोंबला. मग सोंड वर निघाली आणि सगळ्यांच्या नजरा ड्रमवर गेल्या. सैल दोराने एक वेढा घेतला, दुसरा घेतला, आणि तिसरा अगदी आरामात पहिल्याच्या पाठीवर जाऊन बसला. तोंड तिरकं झालं. जरा वर जाऊन खट् आवाज झाला आणि कडं हिसडून खाली आलं. ठोकळा आडवा पडला.

बाई खुर्चीतून उठल्या, पुतण्यापाशी गेल्या.

“तुला म्हाइत व्हतं.”

रूपेशने होकारार्थी मान हलवली. त्याला दीड-दोन वर्षांपासून माहीत होतं. कुठे तोंड तिरकं झालं म्हणून फोन आला की तो जायचा, दोर पुन्हा सारखे करून द्यायचा, गिऱ्हाईकाला सांगायचा, नवीन दोर आहे, जरा ताणतोच. काकीला कसं सांगणार, काकाचा ड्रम चुकतोय म्हणून? काकाचा विषय निघाला की तिचे डोळे भरायचे. त्याला वाटायचं, आपण आहोत ना, आपण सांभाळून घेऊ. आणि साळवेबद्दल त्याने सांगितलं तेही मुद्दाम रचून नव्हे. त्यालाही साळवेचा संशय येत होताच.

बाईंना त्या घडीला कुणाचा जास्त राग आला ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. ज्याच्या मागे गाडी लावली तो खरं बोलत होता, आणि ज्याने गाडी चालवली त्याने दोन वर्षं लपवलं होतं. पण दोघांवर ओरडायच्या आधी त्यांना एक गोष्ट विचारायची होती. ती त्यांनी अभयला विचारली. ह्यांना हे कसं दिसलं नाही?

अभयने खडूने फरशीवर दोन सोंडा काढल्या, एक आखूड, एक लांब. तो म्हणाला, साहेबांची चूक नव्हती. त्यांच्या वेळेला सगळे ट्रक ठेंगणे, सोंड आखूड. ड्रमवर इतका कमी दोर यायचा की एकावर एक चढण्याइतके वेढेच व्हायचे नाहीत. पुढे उंच ट्रक आले, टँकर आले, गिऱ्हाईकं म्हणाली एकाच सोंडेत सगळं बसवा, म्हणून सोंड लांबली. दोर वाढला. ड्रम तोच राहिला.

सोंड लांबवायच्या ऑर्डरी पंढरी गेल्यानंतरच्या. त्या बाईंनी घेतल्या होत्या. ड्रम तोच ठेवा, असंही त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी वाकून खडूच्या लांब सोंडेवर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, खाचांचं चित्र काढलंय ना तुम्ही, ते आता न मिटता दाखवा.

त्यानंतरचं काम सोपं नव्हतं. जिथे जिथे लांब सोंडा गेल्या होत्या तिथे बाईंनी स्वतः फोन केले आणि ड्रम बदलून देतो, तोवर ट्रक भरताना सोंडेखाली माणूस उभा करू नका, असं सांगितलं. काहींनी बरं म्हटलं. अरविंदभाईंनी मात्र त्यांना डेपोवर बोलावून घेतलं आणि समोर बसवून विचारलं, एवढी वर्षं चाललेली वस्तू आज अचानक धोक्याची कशी झाली? आमच्या कुणाची तक्रार नाही, तुमचा पुतण्या येऊन सगळं ठीक आहे सांगून जातो, आणि आता तुम्हीच म्हणता वस्तू वाईट आहे. घाबरवून काहीतरी नवीन गळ्यात मारायचा बेत दिसतो.

बाई फुकट बदलून देतो म्हणाल्या तर त्यांचा संशय आणखी वाढला. फुकट कोण देतं? ते बाईंच्या तोंडाकडे बघत नव्हते. हातांकडे बघत होते. बाईंनी हात मांडीवर एकावर एक ठेवले आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की असं बघितलं गेलं की खरं बोलतानाही माणसाची जीभ अडखळते. त्यांनी वाद घातला नाही. अरविंदभाईंना घेऊन टाकीखाली गेल्या आणि राख सारखी करणाऱ्या त्या माणसाला त्यांच्यासमोर विचारलं, तू मागे का सरकतोस? तो म्हणाला, सोंड मारते म्हणून. अरविंदभाईंनी हे कधी विचारलंच नव्हतं. ड्रम बदलायला त्यांनी परवानगी दिली, पण काम चालू असताना आपला एक माणूस शेवटपर्यंत तिथे उभा ठेवला.

नवे ड्रम अभयने बनवले. रूपेशने बसवले. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत. बाईंनी रूपेशला घराबाहेर काढलं नाही की किल्ली काढून घेतली नाही, पण त्यांनी त्याला सांगितलं की इथून पुढे माझे डोळे भरले तरी चालतील, तू मला सांगायचंस. तो हो म्हणाला. त्याच्या हो म्हणण्यावर आपला कितपत भरवसा आहे ते बाईंना ठरवता आलं नाही.

शेवटचा ड्रम लागला त्या आठवड्यात अभय केबिनमध्ये आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, “मॅडम, एक गोष्ट राहिली आहे. मला विश्वजित सरांनी बोलावलं होतं. मी जाऊन आलो. पुढच्या महिन्यात जॉइन करतोय.”

बाई खुर्चीत मागे टेकल्या. मग संशय अगदीच खोटा नव्हता तर. त्यांनी विचारलं, कधी गेला होता? तो म्हणाला, गाळ्यात सोंड टांगून बघितली त्या दिवसानंतर. त्याआधी नाही.

हे खरं की खोटं हे तपासायला त्यांच्याकडे काही साधन नव्हतं. तळवलीला जाऊन जाईबाईला विचारता आलं असतं, पण त्या घरी लाडू घेऊन पुन्हा जायची त्यांची छाती नव्हती.

“का चाललात? आता तर तुमच्या मनासारखं झालं.”

अभयने थोडा विचार केला. “काम आवडतं इथलं. पण मागे कोणीतरी उभं आहे असं सारखं वाटतं. आता कोणी नसलं तरी वाटतं. मी काम सोडून मागेच बघत बसतो.”

बाईंनी त्याला थांबवलं नाही. तुमी चांगलं काम केलंत, एवढं म्हणाल्या, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज इतका हळू झाला की त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. जाताना त्याने कॉम्प्युटरमधलं सगळं उघडून दाखवलं, काय कुठे आहे ते समजावलं. बाईंनी ते नीट बघून घेतलं. त्याने काही बरोबर नेलं का, हा विचार मनात आलाच. त्यांनी तो हाकलला नाही, पण त्याच्या मागे गेल्याही नाहीत.

पावसाळा संपल्यावर सानपाड्याची अक्षता नावाची मुलगी त्या जागेवर आली. पहिल्या दिवशी बाईंनी तिलाही गाळा फिरवून दाखवला. कशाला हात लावायचा नाही, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. दुपारी चहा घेऊन त्या केबिनकडे निघाल्या, दारापाशी त्यांचा हात आपोआप चपलांकडे गेला आणि तिथेच थांबला. त्या चपला वाजवत आत गेल्या, तिच्या शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, काय काढतेस ते मला समजावून सांग, मला यातलं निम्मंच कळतं. मुलीने खुर्ची थोडी सरकवून त्यांना जागा दिली आणि सांगायला लागली. बाई ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता ती काही वगळत तर नाही ना, याच्याकडेही त्यांचा एक कान होता.